मागणं काही नाही

आई गेली आणि बाबांनी एकच शब्द धरून ठेवला, 'कशाक?'

जेवायला वाढलंय बाबा, या. "कशाक?" दाढी करून घ्या. "कशाक?" कलमांवर फवारणीचा ड्रोन आलाय, निदान बघायला तरी बाहेर या. "कशाक?" आमच्या मालवणीत हा शब्द बहुतेक वेळा भांडताना बाहेर पडतो. बाबांच्या तोंडी त्यात भांडण नव्हतं, ते खरंच विचारत होते. मी तावातावाने उत्तर द्यायला जायची आणि मधेच अडकायची. जेवायचं कशाला, तर जगायला. आणि जगायचं कशाला, तर... तिथे मला हटकून आठवायचं की गॅसवर काहीतरी ठेवलंय.

मी मैथिली, त्यांची एकुलती एक. लग्न केलं, ते मोडलं, आणि मी आमच्या गावी, हुमरवण्याला परत आले. कुडाळच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. आता व्यायाम यंत्रंच करून घेतात. मी बाजूला उभी राहून 'छान, अजून एकदा' म्हणायची, आणि त्याचा मला पगार मिळायचा. अशात जर्मनीतल्या एका वृद्धनिवासातून नोकरी चालून आली. तिकडच्या म्हाताऱ्यांना म्हणे यंत्रांच्या हातांचा वीट आलाय, खऱ्या माणसाचे हात हवेत. मला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. पण सकाळी दिलेला चहा दुपारपर्यंत तसाच ठेवणाऱ्या माणसाला सोडून जाणार कशी? वजन इतकं उतरलं होतं की त्यांचा शर्ट खुंटीवर असला काय आणि अंगात असला काय, सारखाच दिसायचा.

आणि हे असं कुणाचं व्हावं, तर गुरुनाथ परबांचं. बाबा एसटीत कंडक्टर होते, पुढे कंडक्टरच उरले नाहीत. पण गावात त्यांना मान होता तो गाऱ्हाण्याचा. रवळनाथाच्या देवळात गावाच्या वतीने देवापुढे उभं राहून मागायचं, हा आमच्या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मान. कुणाच्या मुलीचं लग्न अडलंय, कुणाच्या विहिरीला पाणी नाही, कुणाचा मुलगा आखातात अडकलाय. बाबा एकेक मागणं देवाच्या कानावर घालायचे आणि प्रत्येक मागण्याला मागे जमलेला गाव एका सुरात म्हणायचा, "व्हय म्हाराजा." त्यात विचार करायचा नसतो. गाऱ्हाणं घालणाऱ्याचा आवाज खाली आला की तोंडातून होकार आपोआप जातो. लहानपणी मला वाटायचं, देव बाबांनाच घाबरतो, इतक्या हक्काने ते मागायचे.

पणजीच्या एका संशोधन केंद्रातल्या डॉक्टर अस्मिता खानोलकर यांचं नाव मला दवाखान्यातच कळलं. बाबांना घेऊन गेले. त्यांनी तपासण्या केल्या आणि मला समोर बसवून नीट समजावलं.

"आपल्याला वाटतं की आधी एखाद्या गोष्टीत अर्थ दिसतो आणि मग आपण ती करायला उठतो," त्या म्हणाल्या. "मेंदूत उलटं घडतं. कपाळामागे, मेंदूच्या दोन भागांच्या मधे, पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. तो समोरच्या प्रत्येक गोष्टीला वजन देतो. यासाठी खटपट करायची की नाही, हे तिथे ठरतं. अर्थबिर्थ, तत्त्वज्ञान वगैरे शब्द मागाहून येतात. तुमच्या वडिलांची बुद्धी शाबूत आहे, स्मृती शाबूत आहे. हा पुंजका तेवढा गप्प झालाय."

त्यांनी टेबलावर एक वस्तू ठेवली, शर्टाच्या बटणाएवढी. तिचं नाव 'सार्थ'. कानशिलाजवळ केसांत चिकटवायची. गरोदरपणी सोनोग्राफीत जो आवाज वापरतात, आपल्याला ऐकू न येणारा, तसलाच आवाज हे बटण मेंदूतल्या नेमक्या त्या जागी सोडतं आणि पेशींना जागं करतं. कापाकापी नाही, गोळ्या नाहीत.

"म्हणजे त्यांना खोटाच अर्थ वाटणार," मी म्हटलं.

"तुम्हाला वाटतो तो खरा आहे, हे कशावरून?" डॉक्टर हसल्या. मग गंभीर झाल्या. "खरं सांगू? मलाही माहीत नाही. पण ते जेवतील."

जेवले. त्याच संध्याकाळी पेजेचे दोन वाडगे जेवले, आणि मी पाठ फिरवून ढसाढसा रडले.

मग घर बदललं. बाबा पहाटे उठून अंगण झाडायचे, आणि काय झाडायचे. लसूण सोलायला बसले की पाकळी उजेडात धरून बघायचे आणि खूश व्हायचे. पायपुसणं वाळत घालताना गुणगुणायचे. शेजारपाजारचे म्हणाले, गुरुनाथ सुधारलो. मीही म्हणाले. जर्मनीला होकार कळवला आणि मुलाला समजावतात तसं बाबांना समजावायचं म्हणून भाषण तयार करून त्यांच्यासमोर बसले.

"बाबा, मी जर्मनीक जातंय."

"जा."

"वर्सभर तरी येवक गावचा नाय."

"बरा आसा," बाबा म्हणाले आणि लसणीकडे वळले.

भाषण माझ्याकडेच राहिलं. सुटले म्हणायचं की नाही ते मला कळेना. पुढच्याच आठवड्यात आईच्या फोटोवरची धूळ पुसता पुसता ते तितक्याच प्रसन्नपणे म्हणाले, "गेली ता पण बराच झाला." वाईट अर्थाने नव्हे हो. त्यांना सगळंच बरं दिसत होतं. आई होती तेव्हा बरं, गेली तेव्हाही बरं. मला मात्र तो फोटो त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावासा वाटला.

गावाने देवापुढे वर्षाचा नारळ ठेवायचा दिवस आला. सकाळी सगळा गाव देवळात जमला. पुढे द्रौपदीकाकी होती, आमच्या शेजारची. तिचा मुलगा सुहास रिक्षा चालवायचा. त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि नवीन मूत्रपिंडाच्या रांगेत नाव लागून बरेच दिवस झालेले. काकीचा जीव त्या गाऱ्हाण्यात अडकला होता. आई आजारी होती म्हणून गेल्या वर्षी बाबा देवळात आले नव्हते. दुसऱ्या कुणीतरी घातलेलं गाऱ्हाणं देवापर्यंत पोचलंच नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

बाबा उभे राहिले. आवाज खणखणीत.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज सगळो गाव तुझ्या पायाकडे जमलो आसा..."

"व्हय म्हाराजा."

"जो काय नारळ ठेवलेलो आसा, तो गोड मानून घे रे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

आता मागणं. बाबांनी तोंड उघडलं आणि थांबले. देवाकडे बघून ओळखीचं हसले.

"मागणा काय नाय," ते म्हणाले. "सगळा बरा आसा."

कुणी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही. तोंडं अर्धवट उघडी राहिली. घंटेखाली उभा असलेला माणूस घंटा वाजवायची की नाही म्हणून इकडेतिकडे बघू लागला.

द्रौपदीकाकी पुढे झाली. "गुरुनाथा, माझ्या झिलाचा सांग मां देवाक."

"सुहासाचा काय सांगू, वैनी? तो आसा तसो बरो आसा."

"आठवड्यातून दोनदा सुयो टोचतत तेका."

"टोचूंदेत. तेतूनय काय तरी गावता माणसाक," बाबा म्हणाले, इतक्या मायेने की अंगावर काटा आला.

काकी रडली नाही. पदर खांद्यावर ओढून घेतला आणि देवळाच्या पायऱ्या उतरून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर दुसऱ्यांसाठी देवाशी भांडलेला माणूस हा, आणि आज त्याने एका आईला हात हलवत परत पाठवलं होतं. त्याला ते कळलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पणजीला जाऊन डॉक्टरांपुढे उभी राहिले. चांगलीच तापले होते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. तो पुंजका वजन देतो, ते कशावरून? समोर जे आहे आणि जे असायला हवं, त्यांच्यात जे अंतर असतं त्यावरून. आम्ही वजन वाढवलं, पण सगळ्यावर सारखंच. लसणीवर जेवढं, तेवढंच सुहासच्या आजारावर. आहे तेच भरून वाहतंय, म्हटल्यावर अंतर उरलं कुठे? आणि अंतर नाही तर माणूस मागेल काय?"

"मग हे आधी कसं दिसलं नाही तुम्हाला?"

"आमच्या कुठल्याच रुग्णाला देवळात उभं राहून दुसऱ्यासाठी मागायचं नव्हतं. आम्ही आपलं विचारायचो, समाधानी आहात का? सगळे हो म्हणायचे. आम्हीही खूश."

"थोडं कमी करा ना मग. निम्मं करा."

"ते अजून जमत नाही. एका पातळीच्या खाली गेलं की परिणामच होत नाही आणि वर गेलं की हे असं. काढता मात्र येईल. काही जणांच्या पेशी तोवर आपापल्या जाग्या झालेल्या असतात. काहींच्या नसतात. वडील पुन्हा खाणंपिणं सोडतील का, तर सोडतीलही. मी खात्री देणार नाही."

"ठरवायचं कुणी?"

"नियमाने त्यांनी. पण बटण लावलेलं असताना ते कशालाही हो म्हणणार आणि काढलेलं असताना कशालाही नाही. त्या दोन्हींतलं त्यांचं मत कुठलं, हे मला सांगता येत नाही." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "उरलात तुम्ही."

घरी येऊन मी बाबांना विचारलंच, न विचारून कसं चालेल?

"बाबा, ता बटान काढूया काय?"

"काढ."

"की रवांदे?"

"रवांदे."

"तुमका काय होया ता सांगा मां."

"माका काय्येक नको गो. सगळा आसा," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तोच हात सकाळी त्यांनी मांजरावरून फिरवला होता, तितक्याच प्रेमाने.

माझं विमान पंधरवड्यावर आलं होतं. बटण राहिलं तर मी निर्धास्त जाणार होते, कुणी अडवणारं नव्हतं. काढलं तर जर्मनी गेली, आणि कदाचित बाबाही. माझा स्वार्थ सगळा बटणाच्या बाजूने होता. चांगुलपणाही म्हटलं तर त्याच बाजूने होता, माणूस जेवतोय, हसतोय, आणखी काय हवं? पण द्रौपदीकाकीची वळलेली पाठ डोळ्यांसमोरून जाईना. आणि दुसरंही एक होतं. ह्या जगात मी गेल्याचं ज्याला दुःख व्हावं असा एकच माणूस उरला होता, आणि त्याला दुःख होणार नव्हतं. मला राग राग आला. सकाळी त्यांचं डोकं विंचरता विंचरता मी बटण काढलं.

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी बाबा मागीलदारी जाऊन बसले ते उठेनात. चहा तसाच. भात तसाच. 'कशाक?' परत आला. मी जर्मनीला नकार कळवायचा मजकूर मनात जुळवू लागले.

एका दुपारी हाक आली. "मैथिली, ता बटान खंय आसा?"

"कपाटात."

"हाड. लाव माका परत."

"नाय, बाबा."

"माका होया ता." त्यांचा आवाज चढला. किती महिन्यांनी चढला होता. "तुझी आवस आता गेल्यासारखी वाटता माका. इतके दिवस खंय होतंय मी? हाड म्हणतंय मां."

मी उठले. खोटं कशाला सांगू, कपाट उघडलं, बटण हातातही घेतलं. बाप समोर बसून कळवळतोय, आणि त्यावरचा उपाय आपल्या मुठीत आहे. अशा वेळी शहाणपण सुचत नाही कुणाला. पण कपाटाशी उभं असताना ध्यानात आलं, हा माणूस काहीतरी मागतोय. आई गेल्यापासून पहिल्यांदा त्यांना काहीतरी हवंय. मी बटण जागच्या जागी ठेवलं आणि त्यांच्याजवळ येऊन बसले.

"मी लावचंय नाय," मी म्हटलं.

त्यांनी मला नको नको ते बोलून घेतलं. मीही बोलले. मग दोघंही आईसाठी रडलो, एकत्र, तिच्यामागे पहिल्यांदाच. संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली, ती माझ्याकडे न बघता. पुढे ते रोज थोडंथोडं खाऊ लागले आणि जर्मनीचा तो नकार मी पाठवला नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी द्रौपदीकाकी दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं होतं ती पुन्हा आमची पायरी चढायची नाही.

"गुरुनाथा, चेडू परदेशाक जाता हा. तेचो नारळ कोण ठेवतलो? ऊठ."

"कशाक?"

"ता माका इचारू नको. देवाक इचार जावन."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग खाली बघितलं. मला वाटतं, देवळातलं ते बोलणं तेव्हा त्यांना आठवलं असावं, कारण कान लाल झाले. उठून त्यांनी सदरा घातला.

गाव पूर्ण जमला नव्हता, पण बरीच माणसं होती. गेल्या खेपेची हकिकत ऐकून काही जण मजा बघायलाही आले असतील. बाबांचा आवाज बसलेला, पाठ वाकलेली.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," लोक जपूनच म्हणाले.

बाबा देवाकडे बघत हातातला नारळ फिरवत राहिले. आता सगळं संपलं असं मला वाटलं.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. हे काही गाऱ्हाण्यात नसतं. "वैनीचो झील सुहास... तेचे लय हाल जातत रे म्हाराजा. तेका किडनी गावूंदे. कोणाचीय, खंयचीय, पण गावूंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी देऊळ भरलं.

"तोपर्यंत तेच्या आवशीच्या पायात बळ दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

काकीने आता तोंडाला पदर लावला. बाबांना सूर सापडला होता. बोलता बोलता पाठ ताठ झाली. एकामागून एक मागणी आणि एकामागून एक होकार, आणि मग माझ्याकडे वळले.

"माझा चेडू उद्या जर्मनीक जाता हा..."

"व्हय म्हाराजा."

"एकटा जाता हा, कोण नाय तेका थंय..."

"व्हय म्हाराजा."

"तेचा इमान उडूक नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळा गाव म्हणाला. मीही म्हणाले. तोंडातून गेलं तेव्हा कुठे कळलं की आपण काय म्हटलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "गुरुनाथा, त्या इमानात दुसरीय माणसा आसतली."

"मगे तेंका दुसऱ्या इमानान पाठवा," बाबा खेकसले, आणि देऊळ हसून हसून वेडं झालं. बाबा हसत नव्हते. हातातल्या नारळाची शेंडी ओढत उभे होते, आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. मी जाऊ नये असं ह्या जगात कुणाला तरी वाटत होतं, आणि ते त्याने चारचौघांत, देवासमोर, बिनदिक्कत सांगून टाकलं होतं.

घरी जाताना ते पुढे आणि मी मागे. रुसलेच होते ते.

"बाबा, खरोखर जाऊ नको काय?"

"जा. मी तुका खंय अडवलंय? मी देवाकडे मागलंय."

"आणि देवान नाय दिला तर?"

"नाय दिल्यान तर नाय दिल्यान. माका होया ता मी मागतलंय," म्हणाले आणि थोड्या वेळाने थांबून विचारलं, "उद्या सुहासाक कुडाळाक कोण नेता?"

"काकी."

"म्हातारी खंय धावतली? मी जातंय तेच्यावांगडा. देवाकडे मागलंय मां, मगे घराक बसान कसा चलतला?"

विमान वेळेवर सुटलं. मी त्यात होते. इकडे येऊन आता वर्ष होत आलं. सकाळ-संध्याकाळ म्हाताऱ्या माणसांचे आखडलेले खांदे चोळते आणि बसल्या बसल्या त्यांचीही मागणी ऐकते. भाषा अर्धीच कळते, पण कुणाला काय हवंय ते हाताला समजतं. सुहासला मूत्रपिंड अजून मिळालेलं नाही. बाबा आठवड्यातून दोनदा त्याच्याबरोबर जातात आणि तिथल्या नर्सना सतावतात. त्यांचे वाईट दिवसही असतात. त्या दिवशी फोनच उचलत नाहीत, मग मी काकीला फोन करते आणि काकी जाऊन त्यांना चार शब्द सुनावते.

बाकी दिवशी फोन लागला की रामराम नाही, बरी आहेस का नाही, पहिला प्रश्न तोच, रागातच. "कधी येतलंस?"

"बघूया," मी म्हणते.

"बघूया काय बघूया? आंबे कोण खातलो हंयसर?"

तिकीट मी परवाच काढलंय. त्यांना अजून सांगितलेलं नाही. आणखी दोन-चारदा मागू देत, मला ऐकायला बरं वाटतं.